छत्रीचं तोंड उगवतीला

१

कडूबा पडघानचं डोकं गोठ्याच्या दगडी डोणीवर आपटलं होतं. डोणीतलं पाणी लाल झालं होतं आणि तहानलेली गुरं त्याला तोंड लावत नव्हती. खामगावहून पोलिसांची जीप येईपर्यंत प्रेत तसंच राहिलं. कोणी त्यावर घोंगडं टाकलं, कोणी माशा वारल्या.

वर धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, जाळीची मोठी छत्री उभी होती. तिचं तोंड उगवतीला होतं.

साल पंच्याऐंशी. पाडव्याच्या सुमारास उमरदरा गावाला सरकारी योजनेतून एक टीव्ही आणि आभाळातून चित्र पकडणारी ही छत्री मिळाली होती. आली गावासाठी, पण बसली सरपंच माणिकराव पडघान यांच्या धाब्यावर. टीव्ही त्यांच्या माजघरात गेला. गावानं अंगणात बसून उघड्या दारातून दिसेल तेवढं पाहायचं आणि बौद्धवाड्यातल्यांनी फाटकाच्या बाहेर उभं राहायचं, असं माणिकरावांनी ठरवून टाकलं. कडूबा हा त्यांचा धाकटा भाऊ.

फौजदार शालिग्राम तायडे जीपमधून उतरले तेव्हा माणिकरावांनी आरोपी तयार ठेवला होता. चावडीच्या खांबाला निवृत्ती बांधलेला होता. तो खामगावच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला मेकॅनिक. छत्री त्यानंच बसवली होती. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

"ह्यानंच मारला माह्या भावाले," माणिकराव म्हणाले. "काल वावटळीनं छत्री पार गरगर फिरवली. नीट कर म्हणून ह्याले बोलावला, तर तशीच ढिली ठेवून पळाला. शेवटपर्यंत मुंग्याच होत्या टीव्हीवर! यानं धड लावली असती तर कडूबा काऊन चढला असता धाब्यावर?"

चित्र नसलं की पडद्यावर वळवळतात त्या ठिपक्यांना गाव मुंग्या म्हणत असे.

"पळून कुठं चालला होता?" तायड्यांनी विचारलं.

"यष्टीच्या थांब्यावर बसला होता सायेब," गर्दीतला एक जण बोलून गेला. "दुपारपासूनच बसला होता. आमी तिथूनच धरला."

माणिकरावांनी त्याच्याकडे पाहिलं. तो माणूस गर्दीत मागे सरला. तायड्यांनी निवृत्तीचे दोर सोडायला सांगितले.

२

"मारलं कोणी तुला?"

"कोणी कोणी म्हणून सांगू, सायेब?" निवृत्ती म्हणाला. "पहिली चपराक सकाळी कडूबा मालकांनी मारली. मी रांजणातलं पाणी आपल्या हातानं घेतलं म्हणून. मग मीबी म्हटलं, लावा तुमची छत्री तुम्हीच. पान्हा पिशवीत टाकला अन् निघालो. बाकीची मारहाण त्यांच्या मरणानंतरची."

"आता एक सांग. या छत्रीचं तोंड कुठं पाहिजे?"

"दक्षिणेले. थोडंसं मावळतीकडं झुकलेलं आणि पुष्कळ वर. उपग्रह तिथंच हाय, तो काही जागा सोडत नाही."

"उगवतीला केलं तर?"

निवृत्ती दुखऱ्या ओठांनी हसला. "उगवतीले काय हाय, सायेब? सूर्य. चार बोटं इकडंतिकडं झाली तरी मुंग्या येतात. उगवतीले तोंड केलं तर जन्मभर मुंग्याच पाहा."

"कडूबाला हे ठाऊक नव्हतं?"

"धाब्यावरच्या माणसाले काही दिसत नसते. वर नुसतं निळं आभाळ. खाली टीव्हीपुढं बसलेला माणूस सांगते आलं, गेलं, इकडं घे, तिकडं घे. वरचा माणूस आंधळा असते. खालचा आवाज म्हणजे त्याचे डोळे."

तायड्यांनी शिडी मागवली.

धाब्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर होता. त्यात छत्रीच्या लोखंडी तिवईनं ओढला गेलेला ओरखडा स्पष्ट उठला होता. वावटळीनं तिवई उलटीसुलटी फिरवली होती, तिथं माती विस्कटलेली होती. पण त्यानंतरचा ओरखडा सलग होता. कोणीतरी छत्रीचं तोंड उगवतीकडे वळवत तिला सावकाश, थांबत थांबत, मावळतीच्या काठाकडे ओढत नेलं होतं. छत्रीच्या पाठीमागे, म्हणजे मावळतीच्या अंगाला, अनवाणी पायांचे ठसे होते. बोटं छत्रीकडे, टाचा धाब्याच्या काठाकडे. प्रत्येक ठसा आधीच्यापेक्षा काठाला जवळ. त्या बाजूचा कठडा मागच्या पावसाळ्यात पडला होता आणि कोणी बांधला नव्हता.

शेवटचे दोन ठसे अगदी काठावर होते. खाली डोणी होती.

धडपड नव्हती, पाय घसरल्याची खूण नव्हती. छत्री ओढत एक माणूस मागे मागे गेला होता, कारण कोणीतरी त्याला मागे ओढायला सांगत होतं.

३

गल्लीत पलीकडच्या घरात झुंबरबाई राहत होती. विधवा, जीभ धारदार. तिनं फौजदारांना गुळाचं पाणी दिलं आणि विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"म्या काय पाह्यलं नाही बापू, आडवी भिंत हाय. पण आयकलं सारं. साऱ्या गल्लीनं आयकलं. शालूबाई वरडत होती."

"शालूबाई म्हणजे कडूबाची बायको?"

"हाव. सोप्याच्या दारात उभी राहून वरडत होती. 'येऊन राह्यलं, येऊन राह्यलं! मांगं ओढ! आलं, साफ आलं, आखीन थोडं मांगं ओढ बे!' अन् मंग धप्पकन आवाज." झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला, पण डोळे हसत होते. "आता तुमीच सांगा. नवऱ्याले 'ओढ बे' म्हणते! आमच्या जन्मात कधी आयकलं नाही. बाईमाणूस गड्यालेबी बे म्हणत नाही, अन् हे नवऱ्याले! मनातलं तोंडावर आलं म्हणायचं, दुसरं काय?"

"मनात काय होतं तिच्या?"

"मारत होता ना तो तिले. पण मार तर कोण खात नाही बापू, म्हणून काय माणूस पाडायचा?"

"भावाभावांचं कसं होतं?"

झुंबरबाईनं आवाज खाली आणला. "वाटणीवरून तणतण चालली होती. कडूबाले विहिरीकडचं वावर पाह्यजे होतं. माणिकराव म्हणे, मी जिता असेपर्यंत बांध पडणार नाही."

"माणिकराव होते कुठं तेव्हा?"

"मारुतीच्या पारावर होतो म्हणतात. आता सरपंच म्हणते तर असंन."

तायडे बाहेर आले तेव्हा गल्लीत निवाडा होऊन गेला होता. निवृत्तीचं नाव कोणी काढत नव्हतं. बाया एकमेकींना 'ओढ बे' म्हणून दाखवत होत्या आणि एकीला हसू आवरेना.

४

पडघानांच्या सोप्यात केसरबाई बसली होती. दोन्ही भावांची आई. तिला गावात सगळे बुढी म्हणत. तिच्या मांडीवर कडूबाची सहा वर्षांची मुलगी होती, रुखमा. मुलगी रडत नव्हती. आजीच्या पातळाचा काठ तिनं दोन्ही मुठींत धरून ठेवला होता.

शालूबाई आतल्या दाराआड उभी होती. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. कपाळ कोणीतरी आधीच पुसलं होतं, कुंकवाचा डाग कानापर्यंत ओघळला होता.

"पोर द्या माही," ती हळूच म्हणाली. तिचं पहिलं वाक्य तेच होतं.

"पोर?" केसरबाई म्हणाली. "बाप खाल्ला तिचा. आता पोर पाह्यजे? फासावर जाशीन तवा संगं नेशीन काय?"

"बाई," तायड्यांनी विचारलं, "धाब्याकडं ओरडून तुम्हीच सांगत होता?"

"हाव."

"मागं ओढ, म्हणून?"

"हाव. माह्याच तोंडानं गेले ते."

"टीव्हीवर चित्र आलं होतं का? तुम्ही पाहिलं?"

तेवढ्यात माणिकराव सोप्यात आले. त्यांच्या वहाणांचा आवाज झाला तशी दाराआडची सावली दोन पावलं मागे गेली. पदर आणखी खाली आला. तायड्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, मग तिसऱ्यांदा विचारला. दाराआडून श्वासाचाही आवाज येईना.

"पाह्यलंत?" माणिकराव शांतपणे म्हणाले. "उत्तर असतं तर देलं असतं. माही चूक झाली सायेब, मी त्या गरीब मेकॅनिकवर आळ घेतला. घरातच साप होता."

केसरबाईनं नातीच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "आयकलं ना वं? हे तुही माय."

रुखमानं मान हलवली.

५

जीपमध्ये बसल्यावर हवालदार म्हणाला, "सरळ केस आहे साहेब. दिशा चुकीची, चित्र येणं शक्य नाही आणि बाई 'आलं, आलं' म्हणते. म्हणजे बाई खोटं बोलली. खून."

"खोटं बोललं गेलं, एवढं खरं," तायडे म्हणाले. "कोणाचं खोटं, ते अजून ठरलं नाही."

त्यांनी मागे बसलेल्या निवृत्तीला विचारलं, "तू छत्री बसवलीस त्या दिवशी खालून कोण सांगत होतं?"

"मोठे मालक टीव्हीपुढं. भिंती जाड, माजघरातला आवाज धाब्यावर येत नाही. अन् सरपंचानं कायले वरडायचं? ते आत सावकाश बोलायचे, बाई सोप्याच्या दारातून तेच वरडायची."

"तिला दारातून टीव्ही दिसतो?"

"कसा दिसंन? माजघरात मोठे मालक बसले असले की ती उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही. त्यांच्यासमोर तोंडबी उघडत नाही. भासरा हाय ना, नवऱ्याचा मोठा भाऊ. त्यांच्याकडं पाठ करून उभी राहायची."

"तेच ओरडायची म्हणजे? त्यांचाच शब्द?"

निवृत्ती पुढे वाकला. "पहिल्यांदा नाही. मोठे मालक आतून म्हणाले, 'डावीकडं घे बे.' मला उद्देशून. तिनं वरडताना ते 'जरा डावीकडं घ्या' केलं. मी परका माणूस, म्हणून मानानं बोलली असंन. कडूबा मालक अंगणात होते. त्यांनी सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. म्हणाले, 'तुले कोण अक्कल विचारली? आतून जो शब्द येईन तोच बाहेर गेला पाह्यजे. आपलं काही मिसळू नको.' त्यानंतर ती पोपटासारखी बोलली. मला 'बे' म्हणताना तिचा आवाज फाटत होता."

तायड्यांनी चालकाच्या खांद्यावर हात ठेवला. "जीप वळव."

६

अंगणात गाव जमलं होतंच. प्रेत उचलायचं बाकी होतं. तायड्यांनी माणिकरावांना सोप्यात बसायला सांगितलं आणि स्वतः दारात उभे राहिले.

"साऱ्या गल्लीनं शालूबाईचा आवाज ऐकला," ते म्हणाले. "शब्द मात्र कोणी नीट ऐकले नाहीत. 'मांगं ओढ बे.' झुंबरबाई, तुम्ही नवऱ्याला कधी बे म्हणालात?"

"म्या? जीभ झडंन माही!"

"इथल्या कोणत्या बाईनं म्हटलंय? मग परक्या माणसासाठीही 'घे'चं 'घ्या' केलं म्हणून जिला थोबाडीत खावी लागली, ती म्हणेल? हा शब्द तिचा नाही. ती फक्त कर्णा होती. आत बोलणारा कोणी वेगळा होता. तो पुरुष होता आणि कडूबाला बे म्हणण्याइतका मोठा होता."

अंगणातल्या माना माणिकरावांकडे वळल्या.

"म्या सांगत होती," केसरबाई अचानक म्हणाली. "म्या बसली होती टीव्हीपुढं. म्हातारीचे डोळे, चुकलं माह्यानं. मोठा पारावर होता."

माणिकरावांनी आईकडे पाहिलंही नाही.

"बुढी माय," तायडे म्हणाले, "तुम्ही लेकांना काय म्हणता? मला म्हणून दाखवा. धाकट्याला हाक मारा."

केसरबाईचे ओठ हलले. "कडू," ती म्हणाली. "कडू रे बाप्पा..." आणि तिनं रुखमाला छातीशी ओढलं.

"रे बाप्पा. बे नाही." तायडे माणिकरावांकडे वळले. "सरपंच, मघाशी मी आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, शेवटपर्यंत मुंग्याच होत्या टीव्हीवर. गल्लीत प्रत्येकानं ऐकलं होतं, 'आलं, साफ आलं.' इथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटतंय की चित्र आलं होतं. शालूबाईला अजूनही तसंच वाटतं, कारण तिनं टीव्ही पाहिलाच नाही. छत्री उगवतीला असताना पडद्यावर मुंग्याच असणार, हे खरं. पण ते पाहिलं कोणी? पारावरून माजघर दिसत नाही."

माणिकराव पायातली वहाण नीट करत राहिले.

"भाऊ वाटणी मागत होता. तो धाब्यावरून गेला. भावजय त्याला पाडल्याबद्दल तुरुंगात जाणार. उरली मुलगी, ती आजीच्या मांडीवर. वाटणी मागायला कोणी राहत नाही. आणि तुम्ही भावाला हातही लावला नाही, धाब्यावरही चढला नाहीत. त्याच्याच बायकोच्या तोंडून त्याला काठावर नेला. ती तुमच्यासमोर कधी बोलणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"मंग बोलू द्या ना तिले," माणिकराव म्हणाले. "तुमीच बोलून राह्यले मघापासून. तिनं सांगावं, आत कोण होतं. सांगंन?" त्यांनी दाराच्या दिशेनं मान केली. "काय वं? सांगते?"

मग शालूबाई उंबरा ओलांडून सोप्यात आली. लग्न होऊन आल्यापासून ती भासऱ्यासमोर अशी कधी आली नव्हती. तिनं पदर कपाळावरून मागे टाकला. एक गाल जुन्या माराचा काळानिळा होता. तिनं माणिकरावांच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्यांनीच आधी नजर खाली घेतली.

"हे होते," ती म्हणाली. "खाटेवर बसले होते. सुपारी कातरून राह्यले होते. मी एकदा म्हटलं, दाराकडं तोंड करून, की तिकडचा कठडा पडला हाय. तर म्हणाले, तू आपला शब्द मिसळू नको."

अंगणातून एक लांब आवाज उठला. रडण्याचा नव्हता.

माणिकराव उभे राहिले. चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता, भीतीही फारशी नव्हती. वैतागलेला माणूस दिसावा तसे ते दिसत होते. "हिच्या जिभेनं मेला तो," ते म्हणाले. "मी खाटेवरून उठलोबी नाही. कोणत्या कायद्यात लिवलं हाय, फौजदारसायेब, मुंग्यांले चित्र म्हणू नये?"

"ते न्यायाधीश पाहतील," तायडे म्हणाले आणि हवालदारानं माणिकरावांच्या हातात बेड्या घातल्या.

७

कडूबाचं दहावं झाल्यावर शालूबाईचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. छत्री तोपर्यंत धाब्यावरच होती. तालुक्याहून कोणीतरी येऊन टीव्ही शाळेत हलवणार होतं, पण आलं नव्हतं.

तायडे जबानीवर सही घ्यायला गावात आले होते, म्हणून ते त्या वेळी तिथं होते. मुलगी द्यायला केसरबाई खळखळ करील, अशी त्यांची समजूत होती. तिनं केली नाही. तिनंच रुखमाची वेणी घातली, तिला नवा फ्रॉक चढवला आणि हात धरून फाटकापर्यंत आणून सोडलं.

"घेऊन जा तुही पोर," ती शालूबाईला म्हणाली. "माहे दोन्ही लेक नेले, ही कायले ठेवू? इले मी सारं सांगून ठेवलं हाय."

"काय सांगितलं?"

"खोटं काहीच नाही. हे पोरगी अंगणातच खेळत होती तवा. तिनं आपल्या कानानं आयकलं. मी फकत रोज याद करून देली."

तायडे पुढे झाले. मुलीला समजावून सांगावं असं त्यांना वाटलं. आतला शब्द, बाहेरचा आवाज, दोघांतला फरक. गावासमोर त्यांनी तो उलगडून दाखवला होता आणि गावाला पटला होता. ते गुडघ्यावर बसले, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न बोलता उठले.

शालूबाईनं रुखमाला उचललं. मुलगी मुकाट्यानं कडेवर बसली, हात आईच्या गळ्यात टाकला. बैलगाडी उभी होती. शालूबाईचा भाऊ बैलांचे कासरे घेऊन वाट पाहत होता.

"रुखमे," शालूबाई म्हणाली, "आयक माय, मी तुले..."

रुखमानं गळ्यातला हात काढला आणि तळवा आईच्या तोंडावर दाबून धरला. घट्ट, दोन्ही ओठ झाकतील असा. गाडी गावकुसाबाहेर जाईपर्यंत तिनं तो काढला नाही आणि शालूबाईनंही काढायला लावला नाही.